डबेवाल्यांवरील संशोधन : एका आकड्याचा जगप्रवास

व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या वसई-विरारमधील विद्यार्थ्याची पहिल्या वर्षातच मुंबईच्या डबेवाल्यांशी गाठ पडते. ही गाठ पुस्तकात पडते. विरार लोकलने दादर किंवा चर्चगेट गाठताना त्याने पांढऱ्या टोपीतील ही माणसे फलाटावर अनेकदा पाहिलेली असतात. पण त्यांच्याकडे निरखून पाहण्याची सवड त्या गर्दीत कोणाला असणार? वर्गात मात्र त्याला सांगितले जाते, की डबेवाल्यांची चूक एक कोटी साठ लाख डब्यांमागे एक एवढीच असते आणि अमेरिकेतील ‘फोर्ब्ज’ नियतकालिकाने त्यांना ‘सिक्स सिग्मा’ प्रमाणपत्र दिले आहे. तो हे वाक्य वहीत उतरवून घेतो, पुढे प्रकल्प अहवालात लिहितो, मुलाखतीतही सांगतो.

या वाक्याचा उत्तरार्ध खरा नाही आणि पूर्वार्ध कोणी शास्त्रीय पद्धतीने मोजून सिद्ध केलेला नाही. तरीही डबेवाले जागतिक व्यवस्थापन संशोधनाचा विषय झाले, हार्वर्डपासून लिस्बनपर्यंतच्या अभ्यासकांनी त्यांच्यावर लिहिले आणि त्यातील बरेचसे लेखन खरोखर मोलाचे आहे. व्यूहात्मक व्यवस्थापन आणि व्यवसायविषयक अभ्यासात आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे नेमके काय, त्यातून कोणाला काय मिळते आणि कोणती गोष्ट तपासल्याविनाच पुढे सरकते, हे समजून घेण्यासाठी आपल्या दारातले याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

आकड्याचा उगम

‘फोर्ब्ज’मध्ये १९९८ साली सुब्रत चक्रवर्ती यांचा डबेवाल्यांवरील लेख प्रसिद्ध झाला. या सेवेत चुका किती अपवादाने होतात, याचा त्यात उल्लेख होता. तो संघटनेच्या सांगण्यावर आधारलेला होता. पुढे त्या आकड्याला कोणीतरी ‘सिक्स सिग्मा’ ही संज्ञा जोडली, तिसऱ्याने त्याचे ‘मानांकन’ केले आणि चौथ्याने ‘प्रमाणपत्र’. आपण डबेवाल्यांना असे कोणतेही प्रमाणपत्र दिले नव्हते, किंबहुना ती संज्ञाही वापरली नव्हती, असे चक्रवर्ती यांनी नंतर स्वतःच स्पष्ट केले. परंतु खुलासा मूळ बातमीइतका लांब जात नाही, हे वृत्तपत्रांत काम करणाऱ्यांना सांगण्याची गरज नाही.

‘सिक्स सिग्मा’ ही गुणवत्ता नियंत्रणाची पद्धत मोटोरोला कंपनीने १९८० च्या दशकात रूढ केली. चूक होण्याच्या दहा लाख संधींमागे ३.४ पेक्षा अधिक चुका नसाव्यात, असे तिचे प्रचलित मोजमाप आहे. येथे ‘संधी’ हा शब्द महत्त्वाचा. डबा घरातून उचलला जातो, स्थानकावर वेगळा काढला जातो, गाडीत चढतो, उतरतो, पुन्हा वेगळा काढला जातो, इमारतीत पोहोचतो आणि दुपारी हाच सारा प्रवास उलट करतो. यातील प्रत्येक हस्तांतर ही चुकीची एक संधी धरायची, की संपूर्ण फेरी ही एकच संधी? उशिरा पोहोचलेला डबा चुकीत मोजायचा का? परतीच्या वाटेवर बदललेल्या रिकाम्या डब्याचे काय? या प्रश्नांची उत्तरे ठरवल्याखेरीज कोणताही आकडा निघू शकत नाही. डबेवाल्यांच्या प्रसिद्ध आकड्यासोबत मोजणीचा कालावधी, नमुना किंवा चुकीची व्याख्या कधीच येत नाही. शिवाय तो आकडाही एक नाही. कुठे साठ लाखांत एक, कुठे ऐंशी लाखांत एक, तर कुठे एक कोटी साठ लाखांत एक, असे त्याचे निरनिराळे अवतार वाचायला मिळतात.

थोडे गणित करून पाहता येईल. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार त्या वेळी सुमारे पाच हजार डबेवाले रोज सुमारे एक लाख तीस हजार डबे पोहोचवत होते. जाणे आणि येणे मिळून हे दोन लाख साठ हजार व्यवहार. एक कोटी साठ लाखांत एक चूक म्हणजे संपूर्ण मुंबईत मिळून दोन महिन्यांहून अधिक काळात अवघा एक डबा चुकणार! पावसाळ्यात रुळांवर पाणी साचणाऱ्या या शहरात ते कसे शक्य आहे, हा विचार आकडा लिहिणाऱ्यांच्या मनात आलेला दिसत नाही. उलट खरोखरच ‘सिक्स सिग्मा’ पातळी धरली आणि प्रत्येक खेप ही एक संधी मानली, तर दिवसाला सरासरी एकाहून किंचित कमी चूक होते. संगणकाविना चालणाऱ्या आणि बहुतांशी कमी शिकलेल्या माणसांनी चालविलेल्या व्यवस्थेसाठी एवढेही थक्क करणारे आहे. त्यासाठी फुगवलेल्या आकड्याची गरजच नव्हती.

लोकलच्या वेळापत्रकावर उभा व्यवसाय

डबेवाल्यांच्या व्यवसायाचा आरंभ १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुमारे शंभर माणसांनिशी केला, असे सांगितले जाते. त्याआधी २३ वर्षे, १२ एप्रिल १८६७ रोजी, विरार ते मुंबईतील बॅकबे अशी उपनगरी गाडी सुरू झाली होती. हा तपशील वसई-विरारकरांच्या अभिमानाचा तर आहेच, पण या व्यवसायाच्या दृष्टीनेही तो कळीचा आहे. घर एकीकडे, कचेरी दुसरीकडे आणि मध्ये रेल्वे, ही मुंबईची घडण नसती तर डबा पोहोचविण्याचा धंदाच उभा राहिला नसता. १९५६ मध्ये ‘नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स चॅरिटी ट्रस्ट’ची नोंदणी झाली, तर १९६८ मध्ये ‘मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स असोसिएशन’ अस्तित्वात आली.

यातील माणसे मुख्यतः पुणे जिल्ह्यातील मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर, मुळशी या तालुक्यांतील. बहुतेकांची परंपरा वारकरी. गावच्या जत्रेसाठी वर्षातून काही दिवस सेवा बंद ठेवण्याची त्यांची प्रथा ग्राहकांनी निमूटपणे मान्य केलेली आहे. १९ ऑगस्ट २०११ रोजी अण्णा हजारे यांच्या आंदोलनाला पाठिंबा म्हणून त्यांनी काम बंद ठेवले, तेव्हा सव्वाशे वर्षांच्या आसपासच्या इतिहासातील तो पहिला संप म्हणून त्याची नोंद झाली.

परदेशी पाहुण्यांचा ओघ २००० नंतर वाढला. ब्रिटनचे तत्कालीन युवराज चार्ल्स यांनी नोव्हेंबर २००३ मध्ये चर्चगेट येथे डबेवाल्यांची भेट घेतली आणि एप्रिल २००५ मध्ये त्यांच्या विवाहाला रघुनाथ मेदगे आणि सोपान मरे हे दोघे निमंत्रित म्हणून लंडनला गेले. व्यवस्थापन संस्थांमधील व्याख्यानांची निमंत्रणेही याच काळात सुरू झाली. कुतूहल आधी आले आणि संशोधन मागाहून, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. आकडा कुतूहलाच्या काळातला आहे.

कोणी काय पाहिले?

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे संघटनशास्त्राचे प्राध्यापक पॉल गुडमन यांनी डबेवाल्यांवर माहितीपट तयार केला. फ्रान्सच्या मानववंश अभ्यासक मारी पर्को यांनी २००५ मध्ये वेगळाच प्रश्न विचारला : लोकांना घरचेच अन्न का हवे असते? जात, प्रांत, धर्म आणि सोवळेओवळे यांनी बांधलेल्या आहाराच्या सवयी हेच या व्यवसायाच्या मागणीचे मूळ आहे, ही त्यांच्या मांडणीची दिशा. त्याच वर्षी अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील एन. रविचंद्रन यांचा मालवाहतुकीच्या अंगाने केलेला अभ्यास आला. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी पुरवठा साखळीच्या गणिताच्या दृष्टीने या व्यवस्थेचा विचार केला. इटलीच्या सारा रोंकालिया यांचे पुस्तक मूळ इटालियनमध्ये २०१० साली आणि इंग्रजीत २०१३ साली प्रसिद्ध झाले. अन्न, शहर आणि श्रम यांचा धागा त्यांनी पकडला.

हार्वर्ड बिझनेस स्कूलचे स्टीफन थॉम्के आणि मोना सिन्हा यांची केस स्टडी २०१० ची. तिच्या प्रास्ताविकातच या सेवेची पातळी ‘सिक्स सिग्मा’च्या तोडीची किंवा त्याहून वरची असल्याचे म्हटले आहे. म्हणजे आकड्याने अखेर हार्वर्डचा उंबरठाही ओलांडला. परंतु थॉम्के यांच्या लेखनाचे मूल्य त्या शब्दांत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा लेख आजही वाचावा असा आहे, कारण त्यात प्रत्यक्ष उभे राहून पाहिलेले तपशील आहेत.

उदाहरणार्थ, डब्यावरील खुणा. झाकणाच्या मध्यभागी मोठा अंक असतो, तो डबा कोणत्या भागात उतरायचा हे सांगतो. कडेच्या बारीक अक्षर-अंकांत शेवटच्या टप्प्यावरील डबेवाला, इमारत आणि मजला यांची माहिती असते. रंग आणि खुणेच्या आकारावरून डबा मूळ कोणत्या स्थानकातून निघाला हे कळते. एवढ्या माहितीत ग्राहकाच्या घराचा पत्ता मात्र नसतो! कारण तो त्या भागातील डबेवाल्याला पाठच असतो. त्याच्याकडे वर्षानुवर्षे तीच काही मोजकी घरे असतात. कोणती माहिती लिहायची आणि कोणती माणसाच्या स्मरणावर सोडायची, हा निर्णय लाखो रुपयांच्या संगणकप्रणाली बसवणाऱ्या कंपन्यांनाही धडपणे घेता येत नाही.

दुसरा तपशील लोकलचा. मोठ्या स्थानकांवर डबे चढवा-उतरवायला साधारण चाळीस सेकंद आणि मधल्या स्थानकांवर अवघे वीस सेकंद मिळतात. त्यामुळे सारी व्यवस्था गाडीच्या ठोक्यावर चालते. एखादा ग्राहक वारंवार डबा उशिरा देत असेल, तर त्याची सेवा बंद केली जाते, कारण एका घरासाठी थांबल्यास गाडी चुकते आणि गाडी चुकली की शेकडो डबे अडकतात. लगेजच्या डब्यात ठरावीक मापाची लांबट लाकडी खोकीच मावतात, म्हणून भलत्या आकाराचा डबा चालत नाही. शिस्त लावणारा साहेब येथे नाही. ती शिस्त रेल्वेने लावली आहे.

संघटनेचे रूपही वेगळे आहे. सुमारे पंचवीस जणांचा एक, असे त्या वेळी सुमारे दोनशे गट होते. प्रत्येक गट आपला हिशेब आपणच पाहतो, मुकादम त्याच गटातील अनुभवी माणूस असतो आणि खर्च वजा जाता उरलेले उत्पन्न गटातील सदस्यांमध्ये जवळजवळ समान वाटले जाते. दोन-तीन माणसे जादा ठेवलेली असतात. कोणी आजारी पडले वा रुळांवर खोळंबा झाला, तर ती धावतात. आधुनिक कंपन्यांच्या भाषेत ही माणसे ‘अतिरिक्त मनुष्यबळ’ ठरली असती आणि पहिल्याच खर्चकपातीत घरी गेली असती.

हार्वर्डच्या केस स्टडीत एक बाहेरचा सल्लागार नवे तंत्रज्ञान आणण्याचा सल्ला देतो आणि त्याच वेळी फेडेक्स ही जागतिक कुरिअर कंपनी डबेवाल्यांकडून शिकायला येते. विद्यार्थ्यांनी यावर वाद घालावा, अशी तिची रचना आहे. पण यातील कोणाचे अनुकरण इतरत्र होऊ शकते का, हा प्रश्न सर्वांत नेमकेपणाने दीपक बैंदूर आणि लिस्बनच्या रोझारिओ मकारिओ यांच्या २०१३ च्या शोधनिबंधाने विचारला. ही पद्धत अन्य शहरांच्या मालवाहतुकीसाठी आदर्श म्हणून नेता येईल का, असे प्रश्नचिन्ह त्याच्या शीर्षकातच आहे.

सिद्धांताच्या चष्म्यातून

व्यूहात्मक व्यवस्थापन ही तशी तरुण विद्याशाखा. आल्फ्रेड चँडलर यांचे ‘स्ट्रॅटेजी अँड स्ट्रक्चर’ १९६२ चे, इगोर अँसॉफ यांचे ‘कॉर्पोरेट स्ट्रॅटेजी’ १९६५ चे. मायकेल पोर्टर यांनी १९८० मध्ये उद्योगातील स्पर्धेचे विश्लेषण मांडले आणि त्याच वर्षी ‘स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट जर्नल’ सुरू झाले. कंपनीचे यश तिच्या उद्योगक्षेत्रातील स्थानावर अवलंबून असते, हा पोर्टर यांचा भर होता. १९९१ मध्ये जे बार्नी यांनी दृष्टी आत वळवली. कंपनीजवळची साधनसंपत्ती मौल्यवान, दुर्मीळ, नक्कल करण्यास अवघड आणि दुसऱ्या कशाने भरून न निघणारी असेल, तरच आघाडी टिकते, असे त्यांनी मांडले. त्याआधी वर्षभर सी. के. प्रल्हाद आणि गॅरी हॅमेल यांनी ‘कोअर कॉम्पिटन्स’ची कल्पना रूढ केली होती. गरीब ग्राहकाकडे बाजारपेठ म्हणून पाहणारे प्रल्हाद यांचे प्रसिद्ध पुस्तक २००४ सालचे, म्हणजे डबेवाल्यांवरील अभ्यासांची लाट येत होती तेव्हाचे. भारताकडे स्वस्त मजुरांचा देश म्हणून न पाहता व्यवस्थापनाच्या कल्पना देणारा देश म्हणून पाहण्याची ती लाट होती. वॉर्टन स्कूलच्या चार प्राध्यापकांचे ‘द इंडिया वे’ २०१० मध्ये आणि ‘जुगाड इनोव्हेशन’ २०१२ मध्ये आले, ते याच प्रवाहात.

बार्नी यांच्या चारही कसोट्या डबेवाल्यांना लावून पाहाव्यात. सायकल, हातगाडी, खोके यांत दुर्मीळ काही नाही. ते कोणीही विकत घेईल. खुणांची लिपी एका दुपारी शिकता येते. एकाच मुलखातून आलेल्या माणसांचा परस्पर विश्वास, नात्यागोत्यातून होणारी भरती आणि ‘अन्न वेळेवर पोहोचवणे हे पुण्यकर्म’ ही भावना यांची नक्कल मात्र भांडवलाच्या बळावर होत नाही. सिद्धांत येथे सुरेख बसतो. फक्त चौथ्या कसोटीपाशी गाडी अडते. दुसऱ्या कशाने भरून निघणार नाही अशी ही सेवा आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर २०२० मध्ये मिळू लागले. २२ मार्च २०२० पासून करोनामुळे उपनगरी गाड्या थांबल्या. जूनमध्ये त्या अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाल्या. डबेवाल्यांना प्रवासाची मुभा मिळायला शरद ऋतू उजाडला. तोवर कचेऱ्या घरून चालू लागल्या होत्या. अनेक डबेवाले गावी गेले, काहींनी दुसरे काम धरले, आणि टाळेबंदी उठल्यानंतरही त्यांची संख्या पूर्वपदावर आली नाही. मोबाइलवरून जेवण मागवण्याची सवय शहराला त्याआधीच लागली होती. सव्वाशे वर्षांत ज्या यंत्रणेला पूर, बंद आणि बॉम्बस्फोट थोपवू शकले नाहीत, तिचा पाया म्हणजे कचेरीत रोज जाणारा माणूस, तोच हलला. पोर्टर यांनी सांगितलेला पर्यायी सेवेचा धोका बार्नी यांच्या कसोटीवर भारी पडला, असे परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहिता येईल.

यातली बोचणारी बाब अशी, की जगभरातील वर्गांत ज्यांचे उदाहरण शिकवले जात होते, त्यांच्या हाती त्या कीर्तीतून संकटात टिकेल असे उत्पन्न आले नव्हते. हार्वर्डची केस स्टडी प्रती मोजून विकली जाते. तो प्रकाशनाचा रीतसर व्यवहार आहे आणि त्यात गैर काही नाही. तथापि अभ्यासाचा विषय झालेल्या माणसांना त्या अभ्यासाचे फळ कोणत्या रूपाने परत मिळावे, हा प्रश्न औषधशास्त्रात आणि मानववंशशास्त्रात गांभीर्याने विचारला जातो. व्यवस्थापनशास्त्रात तो क्वचितच ऐकू येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये वांद्रे येथे डबेवाल्यांच्या इतिहासाचे अनुभव केंद्र सुरू झाले, हा त्या दृष्टीने एक वेगळा प्रयत्न म्हणता येईल.

सहकार्याच्या तीन पिढ्या

परदेशी सहकार्य आपल्याकडे नवे नाही. पहिल्या पिढीत ज्ञान आयात झाले. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेला हार्वर्डचे आणि कोलकात्याच्या संस्थेला एमआयटीच्या स्लोन स्कूलचे सहकार्य मिळाले. केस स्टडीवर आधारित अध्यापन अहमदाबादला आले ते याच मार्गाने. मुंबईत १९६३ मध्ये पवईला ‘निटी’ ही संस्था आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साह्याने उभी राहिली. २०२३ पासून ती भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई या नावाने ओळखली जाते. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था १९६५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने सुरू झाली. वसई-विरारमधील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याच विद्यापीठाची ही संस्था.

दुसऱ्या पिढीत भारत संशोधनाचे क्षेत्र बनला. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २००६ मध्ये मुंबईत आपले संशोधन केंद्र उघडले. प्रश्न तिकडचा, उदाहरण इकडचे आणि वाचक पुन्हा तिकडचा, अशी या पिढीची साधारण वाटणी होती. तिसरी पिढी सहलेखनाची आहे. बैंदूर आणि मकारिओ यांचा शोधनिबंध हे तिचे उदाहरण, कारण त्यात प्रश्नही इकडचा आहे. दरम्यान परदेशी विद्यापीठांना भारतात परिसर उघडू देणारे नियम २०२३ मध्ये आले आणि जून २०२५ मध्ये नवी मुंबईसाठी पाच परदेशी विद्यापीठांना आशयपत्रे देण्यात आली. त्यातून शिकवणीबरोबर संशोधनही येते का, हे पुढे दिसेल.

निबंधांचे पीक

सहकार्याची दुसरी, फारशी न सांगितली जाणारी बाजू म्हणजे शोधनिबंधांची सक्ती. अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुण मोजण्याची पद्धत २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने आणली आणि पीएच.डी.पूर्वी निबंध प्रसिद्ध करणेही बंधनकारक होते. परिणामी पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या तथाकथित ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिकांचे पीक आले. व्यवस्थापन आणि वाणिज्य या शाखांना त्याची मोठी झळ बसली, कारण येथे प्रयोगशाळा लागत नाही. शंभर जणांकडून प्रश्नावली भरून घेतली की निबंध तयार होतो.

या प्रकाराचा छडा लावणारे महत्त्वाचे काम पुण्यात झाले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीची छाननी केली. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या ज्या नियतकालिकांची त्यांनी तपशीलवार तपासणी केली, त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट वा संशयास्पद आढळली. हा निष्कर्ष २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. पुढे ‘केअर’ ही नवी यादी आली, पीएच.डी.पूर्वीच्या निबंधाची सक्ती २०२२ च्या नियमांनी गेली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘केअर’ यादीही आयोगाने बंद केली. आता नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर आणि अखेरीस मार्गदर्शकावर आहे.

डबेवाल्यांचा आकडा अशाच निबंधांतून फिरत राहिला. एकाने दुसऱ्याचा दाखला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याचा. तळाशी जाऊन पाहिले तर १९९८ चा एक मासलेवाईक लेख आणि संघटनेचे एक वाक्य. दाखल्यांची संख्या म्हणजे पुरावा नव्हे, एवढे सूत्र प्रकल्प तपासणाऱ्याने पाळले तरी अर्धे काम होईल.

वाचायचे कोठे, मोजायचे काय?

चांगले संशोधन वाचायला मिळणे ही जिल्ह्याच्या ठिकाणची खरी अडचण. नामांकित नियतकालिकातील एका लेखाची किंमत विद्यार्थ्याच्या महिन्याच्या लोकल पासपेक्षा कितीतरी जास्त असते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक संस्था, असा तिचा आवाका आहे. पण लाभ सरकारी व्यवस्थापनाखालील संस्थांना. वसई-विरारमधील जुनी-नवी महाविद्यालये प्रामुख्याने खासगी शिक्षणसंस्थांनी उभारलेली असल्याने हे दार येथील विद्यार्थ्याला सहज उघडत नाही.

मोफत वाटा मात्र आहेत. सारा रोंकालिया यांचे डबेवाल्यांवरील संपूर्ण पुस्तक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते. भारतीय विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’वर आहेत. अनेक प्राध्यापक आपल्या निबंधांचे पूर्वमसुदे खुले ठेवतात, आणि लेखकाला नम्रपणे ई-मेल केल्यास प्रत मिळण्याची शक्यताही बरीच असते.

विषयांसाठी तर चर्चगेटला जाण्याचीही गरज नाही. डबेवाल्यांचा व्यवसाय सुरू झाल्याचे सांगितले जाते त्याच १८९० साली आल्फ्रेड मार्शल यांनी एका धंद्याची अनेक लहान दुकाने एकाच ठिकाणी का एकवटतात, याचे विवेचन प्रसिद्ध केले आणि शतकानंतर पोर्टर यांनी त्याचाच ‘क्लस्टर’ या नावाने विस्तार केला. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे येथील औद्योगिक गाळे या सिद्धांताला लावून पाहण्याजोगे आहेत. एका गाळ्याचे काम शेजारच्या गाळ्याला किती वेळा मिळते, उधारी किती दिवसांची चालते, कामगार किती काळ टिकतो, हे दारोदार फिरल्याखेरीज कळणार नाही. वसईच्या बागायतदारांची फुले पहाटेच्या लोकलने दादरच्या बाजारात जातात; तीही लगेजच्या डब्यातून, त्याच काही सेकंदांच्या थांब्यावर. गाडी उशिरा आली तर भाव किती पडतो? अर्नाळ्याच्या मच्छीमारांचा बर्फ, डिझेल आणि दलाल यांवरील खर्च हंगामागणिक कसा बदलतो?

अशा प्रकल्पासाठी परदेशी सहकारी हवाच असेल, तर तो मिळवण्याची रीत सोपी आहे. आधी तीस दिवसांची स्वतः मोजलेली नोंदवही तयार ठेवावी. त्यात चुकीची व्याख्या पहिल्या पानावर लिहिलेली असावी, मोजणीची वेळ आणि ठिकाण असावे, ज्या दिवशी मोजता आले नाही त्या दिवसाचीही नोंद असावी. लिस्बनच्या किंवा बोस्टनच्या प्राध्यापकाकडे सिद्धांत आणि गणिताची साधने असतात. पहाटे फुलांच्या टोपल्या मोजायला वसई स्थानकाच्या फलाटावर त्याला येता येत नाही.